एक्केचाळीस वेळा ‘हजर’

चाळिसावी रेघ मारून मी पेन खाली घेतलं, तोच आतून आणखी एक आवाज आला. “हजर सर.” मी एक्केचाळिसावी रेघ मारली.

अकरावीच्या वर्गाबाहेर, व्हरांड्यात उभी होते. नोव्हेंबरचा बुधवार. दुपारचे बारा नुकतेच वाजून गेलेले. या गावात एस.टी. साडेअकराला यायची, म्हणून अकरावीचा वर्ग बाराला भरायचा. आत पाठक सर हजेरी घेत होते. आत शिरण्याआधी बाहेरून आवाज मोजायचे ही माझी सवय. आत गेलं की पोरं उठून उभी राहतात, बाक सरकतात, मोजणी चुकते. बाहेर शांतपणे पाच-पाच रेघांच्या जुड्या करता येतात.

आवाज चांगले वेगवेगळे होते. एक घोगरा. एक पोरगा आवाज फुटायच्या वयातला. एकीला सर्दी झालेली. बावीस नंबरच्या मुलीचा आवाज बारीक होता आणि ‘सर’ म्हणण्याआधी ती जराशी अडायची, उंबऱ्याला ठेच लागावी तशी.

मग मी आत गेले. पोरं उभी राहिली. मी डोकी मोजली. तेरा.

पुन्हा मोजली. तेराच. वर्गाला दार एकच, आणि त्या दारात इतका वेळ मीच उभी होते. खिडक्यांना गज. मागच्या बाकांवर माणूस नव्हतं, पण प्रत्येक रिकाम्या जागेवर एकेक वही ठेवलेली होती. सरळ, बाकाच्या कडेला लावून. कोणी हसलं नाही. पोरं हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

माझं काम काय होतं ते आधी सांगते. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा होऊन फार वर्षं झाली नव्हती, तेव्हाची गोष्ट आहे. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत मी कामाला होते. संस्थेनं एक अभ्यास घेतला होता. अकरावी-बारावीच्या शिक्षणावर आपलं सरकार एका मुलामागे किती खर्च करतं आणि नॉर्वेचं सरकार किती करतं, याची तुलना. ऐकायला अवघड वाटतं, पण तो साधा अपूर्णांक आहे. सरकारनं दिलेले पैसे वर, म्हणजे अंश. मुलांची संख्या खाली, म्हणजे छेद. भागाकार केला की एका मुलामागचा खर्च येतो. वरची संख्या मुंबईच्या कागदांतून मिळायची. खालची संख्या माझ्यासारख्यांनी गावोगाव जाऊन आणायची.

तुलना सारखी व्हावी म्हणून दोन्ही देशांत नोव्हेंबरातल्या बुधवारीच मुलं मोजायची, दर बुधवारी एक गाव, असं ठरलं होतं. फॉर्म तिकडून आला होता, पुण्यात त्याचं मराठी झालं होतं. त्यात एक प्रश्न होता, ‘हिमवर्षावामुळे शाळा किती दिवस बंद होती?’ जवळा बाजार गावच्या एका मुख्याध्यापकांनी त्यावर मला विचारलं होतं, “म्याडम, धुळीचे धरू का?”

फॉर्मच्या तळाशी आणखी एक ओळ होती. ‘माहिती घेणाऱ्याचे शिक्षण.’ ती मी दर वेळी कोरी सोडायचे. कारण मी नववी पास आहे. गाव शिरोळकडचं, साखर कारखान्याच्या पट्ट्यातलं. नववीनंतर आईचं दुखणं काढायला घरी बसले ते बसले. पुढे मावशीकडे पुण्याला आले, एका झेरॉक्सच्या दुकानात लागले. वरच्या मजल्यावर आमच्या आपटे मॅडमचं ऑफिस होतं. एकदा त्यांच्या तक्त्यातली बेरीज चुकलेली मला झेरॉक्स काढता काढता दिसली. मी भीत भीत दाखवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर बोलावलं आणि खुर्चीवर बसवलं. शिक्षण विचारलं नाही असं नाही. विचारलं, ऐकलं, आणि म्हणाल्या, “अपूर्णांक येतात ना? मग झालं.” त्या खुर्चीचं ऋण मी आजही मानते. आणि ती खुर्ची एका चुकीच्या आकड्यानं जाईल ही भीती तेव्हा मला कायम असायची. हिंगोलीत मी भाड्याच्या खोलीत तीन महिने राहिले. सगळे मला ‘म्याडम’ म्हणायचे. प्रत्येक ‘म्याडम’ला मी मनातल्या मनात दचकायचे.

तर तेरा.

पाठक सर तिशी-पस्तिशीचे. औंढ्याला घर, घराण्याकडे देवळाची पूजाअर्चा. धोतर नव्हे, साधी पँट आणि इस्त्रीचा शर्ट. मी त्यांना हळूच म्हटलं, “सर, बाहेर मी एक्केचाळीस ऐकले.”

“बराबर आहे. पट एक्केचाळीस आहे,” ते म्हणाले. पट म्हणजे रजिस्टरवर नावं असलेली मुलं.

“पण मुलं तेरा आहेत.”

“पुन्हा घेऊ का हजेरी? तुमच्यासमोर?”

मला वाटलं ते माघार घेतील. त्यांनी रजिस्टर उघडलं. मान खाली घातली आणि एकेक नाव घ्यायला लागले. मी भिंतीला टेकून पोरांच्या ओठांकडे बघत राहिले.

खिडकीशी एक मुलगी बसली होती. शीला राठोड. सावळी, कपाळावर जुन्या जखमेची खूण. तिचं नाव आलं, ती म्हणाली, “हजर सर.” जाडसर, मोकळा आवाज. तीन नावं पुढे गेली. सरांनी घेतलं, “कविता चव्हाण.” शीलानं मान वळवली, शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, आणि तिच्या तोंडातून तो दुसरा आवाज आला. बारीक. ‘सर’च्या आधी ठेच लागलेला. “हजर... सर.”

ती नक्कल करत नव्हती. नक्कल करणारा माणूस बघणाऱ्याकडे बघतो. ही त्या जागेकडे बघत होती, जणू तिथून आवाज उचलून पुढे देत होती. पुढे आणखी दोन नावांना तिनं आणखी दोन आवाज दिले. बाकीच्या बारा जणांचंही तेच. एक बारका पोरगा घोगऱ्या आवाजात बोलला आणि पुढच्याच नावाला सर्दी झालेल्या मुलीसारखा. सर एकदाही मान वर करत नव्हते. फक्त रेघ ओढत होते.

मधेच ते थांबले. “नंबर बावीस. काल त्रिकोणाचं जे उदाहरण सोडवलं त्याचं उत्तर?”

बारीक आवाजात उत्तर आलं. उत्तर बरोबर होतं.

तास संपल्यावर मी सरांना व्हरांड्यात गाठलं.

“हे काय आहे सर?”

“काय आहे म्हणजे? तांडे रिकामे झाले म्याडम. दिवाळीनंतर टोळ्या ऊस तोडायला जातात. कोणी कोल्हापूरकडं, कोणी कर्नाटकात. मायबाप गेले की लेकरं जातात. लहानग्यांना सांभाळायला, मोळ्या बांधायला. गुढीपाडव्याच्या आगेमागे येतात परत. अठ्ठावीस गेलेत.”

“मग गैरहजर लावा ना.”

“लावली होती की पहिल्या वर्षी.” ते हळू बोलत होते. “हजेरी ठरावीक आकड्याच्या खाली उतरली की तुकडी बंद करतात. जाता जाता वाचली तेव्हा. ही तुकडी गेली तर मुलगे जातील सायकलनं जवळा बाजारला. मुलींना कोण पाठवतं? त्यांची दहावीच शेवटची.”

“आणि हे आवाज तुम्ही शिकवले?”

“मी?” ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघत म्हणाले. “देवाशपथ न्हाई. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात एक दिवस मी नाव घेतलं, गेलेल्या पोराचं. सवयीनं घेतलं. आणि आवाज आला. त्याचाच. मी दचकून वर बघणार होतो. मग म्हटलं, काहून बघू? बघितलं तर मला खोटं लिहावं लागंल. न्हाई बघितलं तर मी जे ऐकलं ते लिहिलं. तेव्हापासून मी मान वर करत न्हाई.”

रिकाम्या बाकांवरच्या वह्यांबद्दल विचारलं. जो ज्याचा आवाज देतो तोच त्याची वहीही लिहितो, असं ते म्हणाले. धडा, गणित, सगळं दोनदा, तीनदा. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा. परत आलेलं लेकरू वही घेतं आणि बसतं.

एस.टी.ला वेळ होता. शीला माझ्यामागून फाटकापर्यंत आली.

“म्याडम, तुमी काय लिहिणार? तेरा का एक्केचाळीस?”

“जे आहे ते.”

“दोन्ही हाय की.” मग तिनंच विचारलं, “तुमी किती शिकलात म्याडम?”

मी म्हटलं, “पुण्याला असते मी.” एवढं आठवतं की ती माझ्या तोंडाकडे बघत होती, ओठांकडे. आवाज पाठ करताना बघतात तसं.

जवळा बाजारच्या एस.टी.डी. बूथमधून मी पुण्याला फोन लावला. आपटे मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

“सुनंदा, आपण डोकी मोजतो. आवाज नाही.”

“मॅडम, तेरा लिहिलं तर एका मुलामागचा खर्च तिपटीनं फुगतो. हिंगोलीचं हे गाव नॉर्वेच्या शेजारी जाऊन बसेल.”

“आणि एक्केचाळीस लिहिलं तर?”

“तर ते खोटं आहे.”

“मग?”

“आणि फॉर्मची एक प्रत शिक्षण खात्याला जाते ना? परवानगीच्या पत्रात तसं आहे. तेरा वाचलं की ते तुकडी बंद करतील.”

मीटर पळत होतं. मॅडम म्हणाल्या, “ती मुलं खरंच आहेत का, कुठे आहेत, परत येतात का, हे आधी शोध. फॉर्म आठवडाभर थांबव. आणि घाबरू नकोस. घाबरलीस की तुझा सात आणि एक सारखा येतो.”

दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेले. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याच्या बाजूनं दोन किलोमीटर चालत. ऊन लख्ख होतं. मी आजवर रिकामं गाव पाहिलं नव्हतं. घरंच घरं, आणि दारांना कुलपं. ज्यांना कुलूप नव्हतं त्यांनी दाराला काट्या लावलेल्या. चुलीतली राख बसून दगडासारखी झालेली. कोंबडी नाही, कुत्रं नाही. वाळत घातलेली एक ओढणी दोरीवर तशीच राहिली होती, उन्हानं एका बाजूनं पांढरी पडलेली. माझ्या चपलांचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येत होता, आणि दोनदा मला वाटलं, मागून कोणी चालतंय.

एका ओट्यावर एक म्हातारी बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू. पायरव ऐकून तिनं विचारलं, “कोण हाय?”

“शाळेकडून आले, आजी. कविता चव्हाण कुठं राहते?”

“ह्येच घर. मी आजी तिची.” तिनं हातानं बाजूची जागा दाखवली. “कविता शाळंत हाय. रोज जाती.”

“आजी, ती ऊसतोडीला गेलीय ना? आई-बापाबरोबर?”

“गेली की. कोल्हापूरकडं.” म्हातारी जराही गडबडली नाही. “पर रोज सांजंला येती. बसती हितं. आज काय शिकवलं ते सांगती. मला पाणी देती.”

म्हातारीनं माझा हात चाचपला.

“यडी न्हाई मी, बाई. शीला हाय ती, मला ठावं हाय. हात शीलाचा हाय. पर आवाज माझ्या लेकराचा हाय ना? आंधळीला आनि काय पायजे?”

कविता नेमकी कुठे गेली हे तिनं सांगितलं. कारखान्याचं नाव तिला नीट घेता येईना, गावाचं आलं. ते माझ्या गावापासून तीन कोसांवर होतं.

मी लहान असताना दर दिवाळीनंतर आमच्या गावाबाहेर पाचटाच्या खोप्या उभ्या राहायच्या. त्या माणसांना आम्ही ‘तोडकरी’ म्हणायचो. ती कुठून येतात हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं. त्यांच्यात माझ्या वयाच्या मुली असायच्या. त्या कुठल्या इयत्तेत आहेत हेही नाही. त्या आकाशातून येत असाव्यात असं आम्ही वागायचो. आज मी त्यांच्या ओट्यावर बसले होते, आणि त्या माझ्या गावाशेजारी होत्या.

बूथवरून मी आमच्या शेजारच्या दुकानात फोन लावला. दादाला, माझ्या थोरल्या भावाला, बोलावून घेतलं.

“अगं सुनंदे, खुळी का काय तू? तोडकऱ्यांची हजेरी मी घेऊ?”

“दादा, रजिस्टरातली अठ्ठावीस नावं वाचते, लिहून घे. सापडतील तेवढी बघ. आणि कविता चव्हाण सापडली तर परवा बाराच्या आधी तिला दुकानात आण. माझी नोकरी आहे रे ही.”

“नोकरी म्हणं,” तो म्हणाला. पण पेन्सिल मागितल्याचं मला ऐकू आलं.

परवा म्हणजे जवळा बाजारचा बाजार. बूथबाहेर कापसाच्या गाड्या, सोयाबीनची पोती, माणसांचा कालवा. मी काचेचं दार ओढून घेतलं. बाराला पाच मिनिटं कमी होती. दादा म्हणाला, “तुझ्या यादीतली नऊजणं सापडली. खोपीत जाऊन बघितलं प्रत्येकाला. दोघं दुसऱ्या कारखान्याला गेल्यात म्हणं. ही घे, कविता हाय.”

“म्याडम?” पलीकडून आवाज आला.

एकच शब्द. या मुलीला मी कधी बघितलं नव्हतं आणि तिचा आवाज मला पाठ होता. बारीक, आणि शब्दाच्या तोंडाशी ती छोटीशी ठेच. शीलाच्या तोंडून ऐकलेला तोच.

“कविता, मी तुझ्या शाळेत गेले होते.”

“शीला हाय ना बरी? वही लिहून राहिली ना माझी? त्रिकोणापर्यंत आले का?”

“आले. तू परत येणार आहेस ना परीक्षेला?”

“व्हय. येनारच हाय. आमी...”

तेवढ्यात तिच्या मागे, फोनच्या आत, कारखान्याचा बाराचा भोंगा झाला. तो भोंगा मी जन्मापासून ऐकत आले होते. पाळी बदलायचा भोंगा. तो लांबच लांब वाजला आणि थांबला. कविताचं वाक्य अर्ध्यात तुटलं. मग ती माझ्याशी नव्हे, वेगळ्याच दिशेला, स्पष्ट म्हणाली:

“हजर... सर.”

“कविता?”

“हां म्याडम.” जशी काही मधे गेलीच नव्हती. “रोज म्हनतो आमी, भोंग्याला. उसात असलो तरी. न्हाई म्हनलं तर शीलाला तिकडं आवाज लागत न्हाई.”

घड्याळात बरोबर बारा झाले होते. अकरा किलोमीटरवर पाठक सर त्या क्षणी मान खाली घालून रजिस्टर उघडत असणार. मी फोन ठेवला तेव्हा माझी पाठ घामानं भिजली होती. बूथवाल्यानं विचारलं, “तबियत ठीक है ना म्याडम?”

त्या संध्याकाळी फॉर्म भरला. ‘मोजणीच्या दिवशी उपस्थित’ या ओळीत तेरा लिहिले. फॉर्मची मागची बाजू कोरी असते. तिथे अठ्ठावीस नावं, प्रत्येक जण कुठे गेल्याचं समजलं, आणि कोणाकोणाची खात्री कशी केली ते लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘मोजणीचा बुधवार या गावासाठी चुकीचा आहे.’ नववी पास बाईनं दोन देशांनी ठरवलेल्या बुधवाराला चुकीचं म्हणायचं, म्हणून हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा लिहिलं.

आठ दिवसांनी मॅडमचा फोन घरमालकांकडे आला. आवाज कडक होता.

“सुनंदा, तक्त्याला मागची बाजू नसते.”

“हो मॅडम.”

“तरी मी नॉर्वेवाल्यांना विचारलं. त्यांनी एकच प्रश्न केला. ती मुलं परत येतात का? येत असतील तर ती पटावर धरायची, त्यांच्याकडे तोच नियम आहे. वार्षिक परीक्षेला जे वर्गात बसलेले दिसतील तेवढे धरायचे. आणि तेरा आता पुसले जाणार नाहीत, पण खात्याला प्रत परीक्षेनंतर एकदम देऊ. तुला एप्रिलमध्ये पुन्हा जावं लागेल. सगळ्याच गावांना.”

मी ‘थँक्यू’ म्हणाले. त्या म्हणाल्या, “मला कसले थँक्यू, त्या मुलांना सांग परत यायला.”

एप्रिलच्या उन्हात मी पुन्हा त्याच व्हरांड्यात उभी राहिले. पहिला पेपर होता. तुकडीचं काय होणार ते त्या दिवशीच्या डोक्यांवर होतं. सरांना ते माहीत होतं, त्यांनी शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलं होतं. वर्ग भरलेला दिसत होता. उन्हानं काळवंडलेले चेहरे, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे.

सवयीनं मी कागदाकडे बघत आधी आवाज मोजले. घोगरा आला, आणि तो एका दांडग्या पोराचाच असणार अशी माझी खात्री होती. वर बघितलं, खरंच होता. मला हसू आलं. आवाज आपापल्या माणसांत परत जाऊन बसले होते. शीला राठोड, सरांनी नाव घेतलं. “हजर सर.” तोच जाडसर, मोकळा आवाज. बरं वाटलं. मी रेघ मारली. मग कविता चव्हाण. ठेच लागलेला बारीक आवाज. रेघ.

एक्केचाळीस.

मग डोकी मोजली. चाळीस.

खिडकीशी शीलाच्या जागेवर कोणी नव्हतं. बाकाच्या कडेला एक वही ठेवली होती, सरळ. शेजारी एक किडकिडीत मुलगी बसली होती, केस लाल पडलेले. ती कविता होती. ती त्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

सरांनी मान वर केली नाही. माझ्याकडेही बघितलं नाही. बाहेर येऊन हळूच म्हणाले, “होळीनंतर लगीन लावलं तिचं. नवऱ्याला पुढल्या हंगामाला कोयता जोडायचा होता.” कोयता म्हणजे ऊस तोडणारी जोडी. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा आणि बायको मिळून एक.

“मी सांगून बघितलं तिच्या बापाला. चार वेळा गेलो.” त्यांनी हातातलं रजिस्टर मिटलं. “तुमी काय लिहिणार म्याडम?”

“चाळीस.”

“बराबर आहे,” ते म्हणाले. “चाळीसला तुकडी राहते.”

पेपर सुटल्यावर कविता माझ्यामागून फाटकापर्यंत आली. मी तिला परीक्षा कशी गेली ते विचारणार होते. तिनं तोंड उघडलं, आणि शीलाचा आवाज आला.

“म्याडम, तुमी सांगितलं न्हाई. किती शिकलात?”

फाटकाशी आम्ही दोघीच होतो. ऊन असं की सावली पायाखाली गोळा झालेली. तो प्रश्न शीलानं मला पाच महिन्यांपूर्वी याच जागी विचारला होता, आणि तेव्हा कविता चारशे किलोमीटर लांब होती.

“नववी,” मी म्हटलं. “नववी पास.”

कवितानं मान हलवली. मग स्वतःच्या बारीक आवाजात म्हणाली, “सांगते तिला.”

जूनमध्ये ती तुकडी बारावीला गेली. मान्यता राहिली. अहवालही निघाला. त्यात एका तक्त्यात भारत आणि नॉर्वे शेजारी शेजारी उभे होते. आमच्या त्या गावामुळे आपला आकडा दशांश चिन्हानंतर कुठेतरी खूप लांब हलला असेल. आपटे मॅडमनी मला कायम केलं. पुढच्या वर्षी मी दहावी बाहेरून दिली, आणि फॉर्मच्या तळाची ती ओळ आता मी भरते.

फील्डवर जाणाऱ्या नव्या मुलांना मी दोन गोष्टी सांगते. आवाजावरून मोजू नका, आत जा. आणि मोजून झालं की कमी कोण आहे ते विचारा. त्याला फॉर्ममध्ये जागा नसते, मागच्या बाजूला लिहा.

त्याच वर्षीच्या दिवाळीला मी गावी गेले होते. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी दादाबरोबर मळ्यात निघाले; तोडकरी नुकतेच आले होते. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, मधे बांध. आत कुठेतरी कोयते चालल्याचा आवाज, माणूस एकही दिसत नव्हता. बाराचा भोंगा झाला. कोयते थांबले. उसाच्या आतून एक जाडसर, मोकळा आवाज आला.

“हजर सर.”

मग दुसरा. मग लांबून तिसरा.

दादा म्हणाला, “काय गं, थांबलीस का?”

आवाज ओळखीचा होता. कोणाच्या तोंडून आला ते उसामुळे दिसलं नाही. मी मोजलं नाही. मी रजेवर होते.